लाखनीची लखानी

माझं गाव भंडारा जिल्ह्यातल्या लाखनी तालुक्यात. पुण्याच्या ऑफिसात इंग्रजी स्पेलिंग वाचून सगळे ‘लखानी’ म्हणतात. ते आडनाव आहे, भाऊ. पवनीची ‘पौनी’ होते. वैनगंगेकाठी १९६९-७० च्या उत्खननात जिथे बौद्ध स्तूप सापडला, तीच पवनी. आणि वरठीची ‘वार्थी’. (भंडारा रोड स्टेशन वरठीतच आहे.)

स्पेलिंग बदला, असं मी म्हणत नाही. टी-एचमधून ठ निघतो तसा थही निघतो, त्याला इलाज नाही. माझा राग परतीच्या प्रवासावर आहे. डेटाबेसमध्ये गावाचं नाव फक्त इंग्रजीत ठेवायचं आणि मराठी स्क्रीन हवी झाली की लायब्ररीला सांगायचं, कर देवनागरी. मीही हे केलंय, पहिल्या नोकरीत, एका ओळीच्या कोडनं. टेस्ट पास झाली, कारण टेस्ट मीच लिहिली होती आणि तिच्यात पुणे, नागपूर एवढंच होतं. खरं तर मराठी नावाचा एक वेगळा कॉलम पुरतो. पण तो मागितला की ‘इंग्रजी सगळ्यांना कळतं ना’ म्हणून विषय बंद.

झाडीबोलीत आम्ही ण चा न करतो. मी ‘पानी’ म्हटलं की मीटिंगमध्ये हशा. ठ चा थ करणाऱ्यांना मात्र कोणी हसत नाही.

परवा आईनं मोबाइलवर तिकीट बघता बघता विचारलं, “हे वार्थी कुठं आलं रे?” तीस वर्षं ती वरठीलाच गाडीत चढते.