टाक्यांचा हिशेब

"विणकाम बघायला रात्रभर बोटीचा प्रवास? लोकर काय, आपल्या मेन रोडवरही मिळते की!" आमच्या ह्यांची फोनवरची ही पहिली प्रतिक्रिया. मी नाशिकहून स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला भाचीकडे गेले होते आणि तिने एका शनिवार-रविवारसाठी शेटलंडची तिकिटं काढली होती. तिथे सप्टेंबरच्या अखेरीला 'शेटलंड वूल वीक' भरतो. आठवडाभराचा लोकरीचा आणि विणकामाचा महोत्सव. आम्हाला मिळणार होते त्यातले पहिले दोनच दिवस. शुक्रवारी संध्याकाळी बोटीत बसायचं, शनिवारी सकाळी लर्विकला उतरायचं आणि रविवारी संध्याकाळी परत.

खरं सांगू का, मलाही आधी हा प्रकार थोडा चैनीचाच वाटला होता. विणकाम म्हणजे आपल्याकडे काय? दुपारची कामं आटोपल्यावर टीव्हीसमोर बसून करायची गोष्ट. आईने माझ्या हातात सुया दिल्या त्या पाचवीच्या दिवाळीच्या सुट्टीत. दोन सुलट, दोन उलट. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक बाळाला टोपडं-मोजे मीच विणते. पण त्याला 'काम' असं कोणी म्हटलं नाही. मीही नाही.

बोटीतच गंमत सुरू झाली. समोरच्या बाकावरच्या तीन बायकांच्या डोक्यावर अगदी माझ्यासारखीच टोपी! या महोत्सवाची एक छान पद्धत आहे. दर वर्षी तिथली एखादी विणकर किंवा डिझायनर टोपीचा नवा नमुना तयार करते. येणाऱ्यांनी तो घरी विणायचा आणि ती टोपी घालूनच यायचं. ओळख करून द्यायला दुसरं काही लागत नाही. एकमेकींची टोपी उलटी करून आतले धागे बघायचे, की झाली मैत्री.

शेटलंड म्हणजे स्कॉटलंडच्याही उत्तरेला समुद्रात विखुरलेली शंभरेक बेटं. वस्ती जेमतेम तेवीस हजार. झाड औषधाला सापडेल इतपतच, वारा मात्र अखंड, आणि माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. २०१० मध्ये हा महोत्सव सुरू झाला आणि आता जगभरातून बायका (आणि काही पुरुषही!) त्यासाठी तिथे येतात.

शनिवारी दुपारी लर्विकच्या संग्रहालयात गेलो. काचेमागे लोकरीची शाल होती, कोळ्याच्या जाळ्यासारखी. अशी अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता येते म्हणून तिला 'वेडिंग रिंग शाल' म्हणतात. शेजारी फेअर आयल बेटाच्या नावाने ओळखले जाणारे रंगीत नक्षीचे स्वेटर. एका ओळीत दोनच रंग, पण ओळीओळीला ते असे बदलतात की डोळ्यांना दहा दिसावेत. १९२२ मध्ये इंग्लंडच्या युवराजाने असा स्वेटर घालून गोल्फ खेळला आणि त्याची जगभर फॅशन झाली.

पण मी खिळून राहिले ती एका साध्या चामडी पट्ट्यापुढे. आत घोड्याचे केस भरलेली, भोकं पाडलेली छोटी गादी त्याला जोडलेली. पट्टा कमरेला बांधायचा, सुईचं एक टोक त्या भोकात खोचायचं, म्हणजे चालता चालता विणता येतं. जुन्या फोटोंतल्या बायकांच्या पाठीवर जळणाच्या मातीने भरलेल्या टोपल्या आहेत आणि हात मात्र विणताहेत. डोक्यावर मोळी, काखेत पोर आणि तोंडाने घरच्यांना सूचना, अशी आपली बाई मला तिथे दिसली. रिकामा वेळ म्हणून कुठे काही नव्हतंच हो!

आणि या विणकामाचे त्यांना मिळायचे काय? पैसे नाहीत. व्यापारी शाल घ्यायचा आणि बदल्यात चहा, कापड असा दुकानातला माल द्यायचा. घरात पिठाची गरज असली तरी हातात चहाची पुडी. मग ती पुडी घेऊन शेजारीपाजारी फिरायचं आणि कुणाकडून तरी पीठ, बटाटे मिळवायचे. १८७२ मध्ये ब्रिटिश सरकारने विल्यम गथ्री या अधिकाऱ्याला या प्रकाराची चौकशी करायला पाठवलं. त्याच्यापुढे विणणाऱ्या बायकांनी स्वतः येऊन साक्षी दिल्या, त्या अहवालात छापलेल्या आहेत. तरी पुढे कित्येक वर्षं ही पद्धत चालूच राहिली.

भाचीने मला हे समजावून सांगितलं आणि म्हणाली, "किती अन्याय ना, मावशी!" मी 'हो' म्हटलं खरं, पण माझा चेहरा उतरला होता.

कारण सांगते. गेली अकरा वर्षं मी आमच्या भागातल्या बायकांचा गोधड्या शिवणारा गट चालवते. दिवाळीला आम्ही प्रत्येकीला साडी देतो. दोन वर्षांपूर्वी मजुरी वाढवायचा विषय निघाला, तेव्हा मीच म्हटलं होतं, "या वर्षी जरा चांगल्यातली साडी देऊ." त्यावर एकीने अगदी हळू आवाजात विचारलं, "ताई, साडीऐवजी पैसे नाही का मिळणार? पोराची फी भरायची होती." मी तेव्हा दुखावले होते. एवढ्या मायेने साडी निवडते मी, आणि हिला किंमत नाही! घरी येऊन ह्यांच्याकडे तक्रारही केली होती. त्या पट्ट्यासमोर उभी असताना मला पहिल्यांदा कळलं, की माझी साडी आणि त्या व्यापाऱ्याची चहाची पुडी यांत फार अंतर नव्हतं. तिच्या कष्टाचं काय करायचं हे तिच्या वतीने मी ठरवत होते.

रविवारी एका गावच्या हॉलमध्ये चहा होता. गावातल्या बायका घरून केक, बिस्किटं करून आणतात आणि जमलेले पैसे गावाच्या कामाला लावतात. तिथे पंचाहत्तरीच्या एक आजी विणत बसल्या होत्या. त्यांना विचारलं, हाताने विणलेला स्वेटर इथे केवढ्याला? म्हणाल्या, साडेचारशे पौंडांच्या पुढे. म्हणजे आपले पन्नास हजार! मी 'अबब' म्हणायच्या बेतात होते, तर त्या हसून म्हणाल्या, आता तास मोजा. शंभर तास धरले, तरी तासाला साडेचार पौंड पडतात. आणि ब्रिटनमधलं किमान वेतन २०२५ पासून तासाला बारा पौंडांच्या वर आहे. त्यांची आई चहा-साखरेसाठी विणायची. १९७० च्या दशकात तिथे तेलाचे उद्योग आले, बायकांना बऱ्या पगाराची कामं मिळाली आणि कित्येकींनी विक्रीसाठी विणणं सोडून दिलं. "मी आवडीने विणते, कारण मला नाही म्हणता येतं," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढचा टाका घेतला.

मैत्रिणींनो, 'त्या आवडीने करतात' हे वाक्य आपण किती सहज वापरतो! लोणची, पापड, गोधड्या, क्रोशाची तोरणं. आवड असते हो, पण आवडीने किराण्याचं बिल भागत नाही. मॉलमधल्या जाकिटावरची किंमत आपण मुकाट्याने देतो, आणि प्रदर्शनातल्या स्टॉलवर मात्र पन्नास रुपये कमी करून घेतल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. पुन्हा वर "घरबसल्या तर करता" हे आहेच. घरी बसून केलं म्हणून टाके आपोआप पडतात का?

यावर एक प्रश्न नेहमी येतो, की दर वाढवले तर गिऱ्हाईक तुटेल. खोटं नाही ते. परत आल्यावर आम्ही गटात वही घातली. प्रत्येकीने तास लिहायचे. एका गोधडीला चाळीस तास लागतात आणि तिला मिळतात पाचशे रुपये. म्हणजे तासाला साडेबारा. तो आकडा मोठ्याने वाचताना माझी जीभ अडखळली. आम्ही मजुरी दुप्पट केली, तेवढी किंमत वाढवली, गोधडीला तासांची चिठ्ठी लावली. दोन मोठ्या ऑर्डरी गेल्या. काही गिऱ्हाइकं मात्र चिठ्ठी वाचून काही न बोलता पैसे देऊन गेली. अजून हिशेब पुरता जुळलेला नाही, आणि दुप्पट केली तरी पंचवीसच रुपये होतात, हेही मला कळतं. पण निदान तो आता वहीत आहे, सगळ्यांना दिसतो.

यंदाच्या दिवाळीत साडी नव्हती, पाकीट होतं. जिने दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं, तिची मी आधी माफी मागितली. ती संकोचून म्हणाली, "जाऊ द्या ना ताई." मग पाकीट उघडून सगळ्यांसमोर नोटा मोजल्या आणि पदराला नीट गाठ मारली. मोजल्याचं मला वाईट नाही वाटलं. उलट बरं वाटलं.

शेटलंडहून काय आणलंस, असं सगळे विचारतात. मी दोन गुंड्या लोकर आणली आहे, बदामी रंगाची. पुढच्या वेळी प्रदर्शनात एखादीची वस्तू हातात घ्याल, तेव्हा किंमत विचारण्याआधी एवढंच विचारा, "किती तास लागले हो?" उत्तर ऐकल्यावर घासाघीस करायला तोंड उघडतं का बघा.