लेबल मीच छापलं होतं!

मेसच्या मागच्या मोकळ्या जागेत आपलं 'किचन गार्डन' होणार, ही बातमी एव्हाना सगळ्या विंग्जमध्ये पोचली असेल. आयडिया सॉलिड आहे. मेसच्या त्या करड्या वांग्याऐवजी ताजी मेथी मिळणार असेल, तर खुरपं घेऊन पहिली मी हजर. पण परवा नोटीस बोर्डवर बागेच्या पाटीचं डिझाइन लागलं, 'आपल्या हॉस्टेलची भाजी, १००% ऑरगॅनिक', आणि माझ्या पोटात गोळाच आला. अजून तिथं एक बी पडलेलं नाही आणि पाटी मात्र तयार! हा पराक्रम मी स्वतः एकदा केलाय, म्हणून लिहायला बसले. (दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये होते, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं.)

मी उल्हासनगर कॅम्प नं. ३ ची. गाव सांगितलं की समोरचा हसून विचारतो, "म्हणजे मेड इन यू.एस.ए. का?" यू.एस.ए. म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा जोक ऐकून ऐकून माझे कान किटलेत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकींमध्ये ठेवलं होतं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी तिथं नव्या गावाची पायाभरणी केली. रिकाम्या हातांनी आलेल्या त्या माणसांनी पापडापासून जीन्सपर्यंत काय वाटेल ते बनवलं आणि विकलं. पण लोकांच्या लक्षात राहिला तो लेबलाचा जोक! मला त्याचा राग यायचा. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यापर्यंत.

तर झालं काय, फर्स्ट इयर संपवून घरी गेले, तर आईने बिल्डिंगच्या गच्चीवर शेती मांडलेली. भंगारवाल्याकडून निळे प्लॅस्टिकचे ड्रम आणून, अर्धे कापून, त्यात मेथी, पालक, कोथिंबीर. पप्पांच्या टेम्पोवाल्या मित्राने मातीच्या गोणी आणून टाकल्या होत्या. भाजी अशी काही तरारून आली होती की खालच्या मजल्यावरच्या बायका मागायला लागल्या. आई जुड्या बांधून विकायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या बटव्यात तिचे स्वतःचे पैसे आले. ती ते रोज रात्री मोजायची.

मग माझ्यातली इंजिनीअर जागी झाली! मी कॉम्प्युटरवर हिरव्या पानाचं चित्र टाकून झकास स्टिकर बनवला, '१००% ऑरगॅनिक, होम ग्रोन'. कॅम्पातल्या एका प्रेसमध्ये पाचशे छापून घेतले. प्रेसवाल्याने सहज विचारलं, "वो सरकारवाला गोल निशान भी डाल दूँ क्या?" मी बाणेदारपणे नको म्हटलं आणि स्वतःच्या प्रामाणिकपणावर जाम खूश झाले. स्टिकर लागल्यावर जुडीमागे पाच रुपये जास्त मिळायला लागले.

आठवड्याने समोरच्या आंटी आल्या. म्हणाल्या, "बहू को तीसरा महीना चल रहा है, बेटा. बाहर की भाजी बंद. अब मम्मी की ही लूँगी. ऑरगॅनिक लिखा है ना!"

लिहिलंय. पण लिहिलं कोणी? मीच. आणि मला काय माहीत होतं?

त्या रात्री टॉर्च घेऊन गच्चीवर गेले. एका ड्रमच्या बुडाशी जुनं, अर्धं फाटलेलं लेबल चिकटलेलं होतं. नाव वाचता येत नव्हतं, पण कवटी आणि हाडांचं चित्र स्पष्ट होतं. माती कुठली म्हणून पप्पांना विचारलं, तर म्हणाले, "नाल्याच्या कडेला खोदकाम चाललं होतं ना, तिथली. काळीभोर आहे एकदम!" आणि पाणी? उन्हाळ्यात नळाला पाणी कमी, म्हणून आई बिल्डिंगच्या बोअरचं घालत होती.

आमच्या भागात नाला म्हणजे काय हे सांगायला हवं. वालधुनी नदी अंबरनाथच्या बाजूने येते, १०६० सालच्या शिवमंदिराला वळसा घालते, उल्हासनगरातून जाते आणि कल्याणला खाडीला मिळते. वाटेत कारखान्यांचं आणि जीन्स धुण्या-रंगवण्याचं पाणी वर्षानुवर्षं तिच्या पोटात गेलंय. नोव्हेंबर २०१४ मध्ये टँकरमधून तिच्यात रसायन सोडलं गेलं आणि नुसत्या वासाने शेकडो माणसांना दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. तोंडाला ओला रुमाल लावून बसलेली आई मला अजून आठवते. आणि आता त्याच नाल्याकाठच्या मातीत आम्ही 'ऑरगॅनिक' पिकवत होतो!

आईला सांगितलं तर ती दुखावली. "मी एक थेंब औषध मारलं नाही, मूठभर युरिया टाकला नाही. मग यात खोटं काय लिहिलंय?"

तिचं चूक नव्हतं. तिने जे केलं त्याची ग्वाही ती देत होती. पण ती कामाला लागायच्या आधी त्या मातीत, पाण्यात आणि ड्रमात काय होतं, त्याची ग्वाही कोण देणार? कीटकनाशकं बहुतेक काही काळाने विघटित होतात. शिसं आणि कॅडमियमसारखे जड धातू विघटित होत नाहीत, ते मातीतच राहतात. पालेभाज्या ते मुळांवाटे ओढून पानात साठवतात, मग मिठाच्या पाण्यात कितीही धुवा. आणि पोटातल्या बाळाला शिसं किती वाईट, हे केमिकलच्या मुलीने वेगळं सांगायला नको.

आता विकतच्या लेबलांकडे वळू. आपल्याकडे पाकिटावर 'जैविक भारत'चं चिन्ह हवं असेल तर दोन वाटा आहेत. एक 'एनपीओपी', म्हणजे वाणिज्य मंत्रालयाची व्यवस्था. तिच्यात मान्यताप्राप्त संस्था शेताची तपासणी करून सर्टिफिकेट देते. दुसरी 'पीजीएस-इंडिया', म्हणजे कृषी मंत्रालयाची. तिच्यात गावातले किमान पाच शेतकरी गट करतात आणि एकमेकांची शेतं तपासतात. हंगामी पिकाच्या जमिनीला साधारण दोन वर्षं आणि फळबागेला तीन वर्षं वाट पाहावी लागते, तोवर 'सेंद्रिय' म्हणता येत नाही. म्हणजे जो प्रश्न मी आईला विचारलाच नाही, 'याआधी इथे काय होतं?', तो खरं लेबल निदान विचारतं तरी.

पण म्हणून लेबल म्हणजे काही देवाचा अंगारा नव्हे. भारतातून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड सापडल्यावर युरोपियन युनियनने २०२१ मध्ये आपल्या पाच प्रमाणन संस्थांची मान्यता काढून घ्यायचं ठरवलं. अमेरिकेनेही त्याच वर्षी आपल्या तपासणी यंत्रणेला दिलेली मान्यता संपवली. शिवाय लेबल हे मुळात पद्धतीबद्दल असतं, माल कसा पिकवला याबद्दल. तुमच्या हातातल्या त्या एका जुडीत काय आहे, हे ते सांगत नाही. आणि गंमत म्हणजे, वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या उत्पादकाने थेट गिऱ्हाइकाला विकलं, तर सर्टिफिकेटची सक्ती नाही. फक्त ते सरकारी चिन्ह वापरता येत नाही. छोट्या शेतकऱ्यासाठी ही सवलत योग्यच आहे. पण त्यामुळे सगळा भरवसा विकणाऱ्याच्या शब्दावर येतो. आमच्या गच्चीवर तो शब्द माझा होता, आणि तो मी न विचारता, न तपासता पाचशे प्रतींत छापला होता.

म्हणून 'विकतचं की घरचं' हा वादच मला आता फसवा वाटतो. विकतच्या लेबलामागे विचारपूस झालेली असते, पण ती आपल्याला दिसत नाही. घरच्या भाजीत सगळं डोळ्यांसमोर असतं, पण 'आपलंच तर आहे' म्हणून आपण विचारपूस करतच नाही. दोन्हीकडे कामाचा प्रश्न एकच : पाणी कुठलं, माती कुठली, आणि विचारलं तर उत्तर देणारं कोणी आहे का?

दुसऱ्या दिवशी मी आंटींकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "लिखने से पहले बोलना था ना." आणि दार लावून घेतलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग तिनेच सगळी रोपं उपटली, ड्रम भंगारात दिले, नर्सरीतून कुंड्या आणि माती आणली, आणि भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं नळाचं पाणी साठवून घालायला लागली. आता पीक निम्मंच येतं. जुडीवर स्टिकर नसतो. कोणी विचारलं तर आई म्हणते, "वर या, बघा, मग घ्या." आंटी सहा-सात महिन्यांनी गच्चीवर आल्या, कुंड्या बघितल्या, पाण्याची बादली कुठून भरली तेही विचारलं आणि दोन जुड्या घेऊन गेल्या. पाच रुपये जास्त नाही दिले!

आता आपल्या बागेचं. ती जागा मेसच्या मागे आहे तशीच वर्कशॉपच्याही मागे आहे. वर्कशॉपचे मामा सांगतात, पूर्वी तिथं लोखंडाचा कीस आणि वापरलेलं कटिंग ऑइल टाकायचे. कमिटीला माझी हात जोडून विनंती आहे, की आधी माती आणि बोअरचं पाणी तपासून घ्या. पीएच आणि टीडीएस आपल्या लॅबमध्ये होईल. जड धातूंसाठी बाहेरच्या लॅबला पैसे मोजावे लागतील, ते फ्रेशर्स पार्टीच्या डीजेमधून कापा. रिपोर्ट वाईट आला तर विकतच्या मातीवर वाफे करू, नाहीतर गच्चीवर जाऊ. कसाही आला तरी तो मेसच्या भिंतीवर लावा. कारण ती भाजी चारशे जणं खाणार आहेत आणि त्यातलं कोणीही 'लिहिलंय ना' म्हणून डोळे मिटून खाईल.

पाटी रंगवायला मी येते, अक्षर बरं आहे माझं. पण आधी मातीचं पाकीट घेऊन लॅबला जाऊ. कोण येतंय बरोबर?