मीठ कुठे आहे?



मागील दोन लेखांत आपण मुलांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जांविषयी बोललो. त्यावर आलेल्या पत्रांची उत्तरे पुढील अंकात देईन. आज मात्र कागदपत्रे बाजूला ठेवून स्वयंपाकघरात जाऊ. काही बांधव म्हणतील, हा काय चळवळीचा विषय झाला? गेल्या वर्षीच्या जानेवारीपर्यंत मीही तसेच म्हटले असते.

25 डिसेंबरला आमच्या विहारात स्त्री मुक्ती दिनाचा कार्यक्रम असतो. 1927 साली त्याच दिवशी महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृतीचे दहन केले, हे आपल्या लहान मुलांनाही पाठ आहे. या कार्यक्रमात माझे भाषण ठरलेले. हिंदू कोड बिल, 1951 सालचा मंत्रिपदाचा राजीनामा, सगळे ओघात येते. लोक टाळ्या वाजवतात. मग मी घरी येतो, हातपाय धुतो आणि ताटावर बसतो. त्या वर्षीही तसेच झाले. सौभाग्यवती कार्यक्रमाला आली होती, पण माझे भाषण अर्ध्यावर असताना उठून गेली. मला थोडा रागही आला. ती कुकर लावायला गेली होती, हे माझ्या डोक्यात आले नाही.

जानेवारीत तिच्या गर्भपिशवीचे ऑपरेशन झाले. पाच दिवस दवाखान्यात आणि पुढे दीड महिना वजन उचलायचे नाही, खाली वाकायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी दवाखान्यातून घरी आलो. मुलगी अभ्यास करत होती, तिची बारावीची परीक्षा महिन्यावर आली होती. मुलगा आयटीआय करून कॉलची वाट पाहत घरी होता आणि कॉटवर पडून मोबाईल बघत होता. मी मुलीला म्हटले, "बाळा, जरा भात टाक."

तिने पुस्तकातून मान वर काढली नाही. म्हणाली, "पप्पा, परीक्षा कुणाची आहे?"

"तुझी."

"आणि घरी रिकामं कोण आहे?"

मी म्हणालो, "अगं, दादाला येत नाही."

"मलापण येत नाही," ती म्हणाली.

हे खोटे होते. तिला येते, हे मला माहीत होते. पण वाद घालायला तोंड नव्हते, म्हणून मीच उठलो. पिठले-भात करायचा विचार केला, कारण त्याहून सोपे काही असेल असे वाटले नाही. भात कसाबसा लावला. फोडणी केली, हळद टाकली, पीठ कालवून ओतले आणि मीठ शोधू लागलो. फळीवर दहा-बारा बरण्या. ऑफिसात आम्ही साध्या पत्राला जावक क्रमांक टाकल्याशिवाय सोडत नाही, इथे एकाही बरणीवर नाव नाही. एका बरणीत पांढरी पूड दिसली, ती दोन चमचे टाकली. बघता बघता पिठले लालभडक झाले आणि फसफसून वर आले. तो खायचा सोडा होता. सोड्याने हळद लाल होते, हे रसायनशास्त्र मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळले.

शेवटी दवाखान्यात फोन लावला. हाताला सलाईन लावलेले असताना ती बारीक आवाजात म्हणाली, "गॅसच्या डाव्या बाजूला, खालच्या फळीवर, निळ्या झाकणाची बरणी." बावीस वर्षांचा संसार, त्याच घरात, आणि मला मीठ ठाऊक नाही. ती खाटेवर पडून घर चालवत होती आणि मी घरात उभा राहून पाहुणा होतो.

दुसऱ्या दिवसापासून शेजारचे डबे सुरू झाले. शेजाऱ्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण एक गोष्ट खटकली. येणारा प्रत्येक जण माझ्याकडे बघून हळहळे. "बाई घरात नाही म्हणजे पुरुषमाणसाचे फार हाल हो." ऑफिसातही तेच. पोट फाडून घेतले तिने आणि हाल झाले माझे! तिला भेटायला येणाऱ्या बायका पहिला प्रश्न विचारत, "घरी जेवणाचं काय?" तीही बिचारी ओशाळून उत्तर देई, जणू आजारी पडून तिने काही गुन्हा केला.

मी बी.कॉम. झालेला माणूस, हिशोब केल्याशिवाय चैन पडत नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने 2019 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरचे बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवतात आणि असे काम करणारे पुरुष 97 मिनिटे. यात स्वयंपाकाबरोबर धुणीभांडी, झाडलोटही आली. 299 मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास. वर्षाचे झाले अठराशे तासांहून जास्त. आठ तासांची ड्युटी धरली तर सव्वादोनशेहून अधिक दिवसांची हजेरी! आमच्या ऑफिसात सुट्या, रजा वजा जाता माणूस साधारण तेवढेच दिवस भरतो. त्याला पगार, भत्ता, रजा, पेन्शन. आणि इथे पिठले अळणी झाले की ताट सरकवले.

काही बांधव म्हणतील, आम्ही करतो की, रविवारचे मटण आमच्याच हातचे असते. मीही करतो. पण कांदा कोण चिरते, वाटण कोण वाटते, भाकरी कोण थापते आणि ते तेलकट पातेले कोण घासते, हे एकदा बघा. आपण फक्त पळी फिरवतो आणि चार शेजाऱ्यांना वास पोचला की नाही ते पाहतो. आठवड्यातून एकदा, कौतुकासाठी केलेला स्वयंपाक निराळा. मंगळवारी रात्री आठ वाजता, थकून आल्यावर, घरात दोन वांगी आणि अर्धा कांदा असताना केलेला स्वयंपाक निराळा. खरे कसब दुसऱ्यात आहे. आज डाळ उरली तर उद्या तिची आमटी, शिळ्या भाकरीचा कुस्करा, महिनाअखेर बाजाराला पैसे नसले की बेसन आणि कांद्याची पात. हे कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत.

ती घरी आल्यावर मी खऱ्या अर्थाने शिकायला लागलो. ती कॉटवर पडून सांगायची आणि मी करायचो. मुलालाही सोबत घेतले. भात आठवड्यात जमला. बोटाचे एक पेर पाणी, एवढेच शास्त्र. भाजी जमली. भाकरी मात्र जमेना. कडा फाटायच्या, तव्यावर टाकताना मधून तुटायची. तेव्हा कळले की ज्वारीचे पीठ जास्त दिवसांचे झाले की त्याची विरी जाते, मग ते कितीही मळा, धरून राहत नाही. तशा पिठाला कढत पाणी घालून उकड काढावी लागते. तळहाताच्या टाचेने रेटून मळायचे, परातीत पीठ भुरभुरून थापायची, पिठाची बाजू वर करून तव्यावर टाकायची आणि लगेच पाण्याचा हात फिरवायचा. पाणी सुकायच्या आत उलटली तर चिकटते, उशीर झाला तर तडकते. एवढा अंदाज असलेल्या माणसाला आपण 'काही येत नाही, घरीच असते' म्हणतो.

मार्चमध्ये गावाहून, बार्शी तालुक्यातून, आई आली. मी परातीपुढे बसलेला बघून तिला आधी वाईट वाटले. लहानपणी मी चुलीजवळ गेलो की ती हाकलायची. "बाप्या माणसानं चुलीपाशी बसू नये." पण थोडा वेळ बघून तिला राहवेना. म्हणाली, "आरं, पीठ कुरवाळायलास काय? दाब की." मग तिनेच मला येसूर करायला शिकवला. आमच्याकडे बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ वेगवेगळी भाजतात, धने, जिरे, मिरच्या भाजतात आणि सगळे एकत्र दळून ठेवतात. घरोघरी थोडा फरक असतो. आमटी असो की मटणाचा रस्सा, चमचाभर येसूर कालवून टाकला की पातळ कालवण दाट होते आणि चार माणसांचे आठ माणसांना पुरते. मी वही घेऊन मापे विचारली, तर म्हणते, "अंदाजानं." शेवटी तिने घेतलेली प्रत्येक मूठ मी वजनकाट्यावर ठेवली आणि लिहून घेतली.

आपल्या या अन्नाविषयी शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक 2015 साली लिहिले आणि 2024 साली ते इंग्रजीतही गेले. बऱ्याच घरांत असे पदार्थ पाहुण्यांपुढे ठेवायला आजही संकोच वाटतो. ते उपासमारीतून आले, ही गोष्ट खरी आहे, आणि त्या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही. पण एक लक्षात घ्या. 1927 साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे सांगितले. ठराव मंडपात झाला. पण त्या दिवसापासून पातेल्यात काय शिजवायचे, पोरांची पोटे कशी भरायची, हे कोणी निभावले? आपल्या आज्यांनी. चळवळीचा तो ठराव चुलीवर अमलात आला, आणि त्यांची नावे आपण लिहून ठेवली नाहीत.

मुलीची परीक्षा संपल्यावर मी तिला विचारले, "त्या दिवशी येत नाही असं का म्हणालीस?" ती म्हणाली, "येतं म्हटलं की कायमचं गळ्यात पडतं, पप्पा. आईचं बघितलंय मी." मला उत्तर सुचले नाही. पुरुषाचे 'येत नाही' आणि मुलीचे 'येत नाही' हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला आरामासाठी असतो, दुसरा बचावासाठी. तरीही मुलींनी शिकूच नये, असे मी म्हणणार नाही. नोकरीसाठी, शिक्षणासाठी परगावी राहणाऱ्या मुलांना, मुलींना रोजच्या मेसचे खाणे पोटाला आणि खिशाला परवडत नाही. माझा मुलगा आता वाळूजला कंपनीत लागला. खोलीवर चौघे जण आहेत. तिघांना काही येत नाही म्हणून स्वयंपाक याच्याकडे आणि भांडी, बाजार त्यांच्याकडे. फोनवर आता तो आईला विचारतो की मेथी कडू का झाली. पूर्वी फक्त पैसे पाठव म्हणायचा. असो.

स्वयंपाक हलके काम म्हणून पुरुष करत नाही, असे म्हणावे तर बाहेर याच कामाला केवढे सोवळे चिकटले आहे! आमच्या वस्तीतील एक भगिनी सोसायट्यांमध्ये कामाला जाते. हाताला अशी चव की विहारातल्या भोजनदानाची भाजी तिनेच करावी. भांड्यांच्या कामापेक्षा पोळ्या-भाजीच्या कामाला पैसे जास्त मिळतात म्हणून तिने एका घरी विचारले. बाईंनी आडनाव विचारले. हिने सांगितले. त्यानंतर "कळवते" म्हणाल्या, ते अजून कळवतायत. त्याच घरची भांडी ती अजून घासते. त्यांच्या उष्ट्या भांड्यांना तिचा हात चालतो, पिठाला चालत नाही.

ही एका घरची गोष्ट नाही. 2017 साली पुण्यात एका शास्त्रज्ञ बाईंनी, स्वयंपाकाला येणाऱ्या बाईने जात लपवून आपले सोवळे मोडले, अशी पोलिसांत तक्रार केली होती. गाजावाजा झाला, मग तक्रार मागे घेतली. ती स्वयंपाक करणारी बाई तर मराठा समाजाची होती; मग आपल्या भगिनींचे काय, ते सांगायला नको. शाळेतल्या पोषण आहाराचा स्वयंपाक करायला दलित, अनुसूचित जाती-जमातीच्या बायकांना प्राधान्य द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 सालीच सांगितले आहे. आपल्या गावच्या शाळेत खिचडी कोण शिजवते, याची चौकशी प्रत्येक शाखेने जरूर करावी. बचत गटाच्या भगिनींनी त्यासाठी अर्ज करावा. अर्ज लिहायला अडचण आली तर मला कळवा.

बाहेर आपल्या हातचे चालत नाही म्हणून आपले रक्त उसळते, आणि ते बरोबरच आहे. चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी स्वतःच्या ओंजळीने घेतले. आम्हाला मात्र माठ चार पावलांवर असताना पाण्याचा तांब्या हातात आणून द्यावा लागतो.

गेल्या वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालू असताना मी हे सगळे सांगितले, सोड्यासकट. लोक हसले. मग महिला मंडळाच्या अध्यक्षा उठल्या आणि म्हणाल्या, सांगता समारंभाला खीर पुरुषांनी करावी, आम्ही पंगतीला बसतो. नाही म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही. आश्विन पौर्णिमेला आम्ही नऊ जण सकाळी सातपासून चुलवणाशी. वीस लिटर दूध. एकाने जाळ मोठा केला, दुसरा फोनवर बोलत राहिला, आणि खीर खाली लागली. वरची वर काढून वाढली, तरी करपट वास आलाच. बायका पंगतीला बसल्या होत्या. काही जणी आयुष्यात पहिल्यांदा विहारात आधी बसून जेवल्या असतील. एका म्हातारीने वाटी पुढे केली आणि म्हणाली, "वाढ अजून. लागली तर लागली, बसल्या जागी मिळाली."

संध्याकाळी पातेले घासायला आम्ही तिघेच उरलो होतो. बाकीचे सहा जण खुर्च्या परत करायला गेले होते, ते आलेच नाहीत. करपलेला थर निघेना. शेवटी त्यात पाणी आणि खायचा सोडा टाकून उकळी काढली, तेव्हा सुटला. सोडा कोणत्या बरणीत आहे, ते मला आता पाठ झाले आहे.