खाण्याची वही

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधे दोघातिघांनी मेल करून आणि एका आत्याने थेट फोन करून विचारलं, की वजनाच्या ऑपरेशनबद्दल लिहिणार होतीस त्याचं काय झालं? खरं तर ऑपरेशनबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात दुर्बिणीतून झालं, पोटावर पाच छोटी भोकं, तिसऱ्या दिवशी घरी. त्याला स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी म्हणतात. जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखं एक अरुंद नळकांडं मागे ठेवतात. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे पोटाबरोबर भूकही आखडते. झालं, एवढंच.

पण ऑपरेशननंतर जी वही लिहायला लावतात (काय खाल्लं, किती, केव्हा), तिच्याबद्दल माझी मतं जरा ठाम झाली आहेत. सगळ्यांना पटतील असं नाही.

पहिलं म्हणजे, ही वही जास्त खाल्लं जाऊ नये म्हणून असते असं सगळ्यांना वाटतं. भेटायला येणारी मंडळी तर ती पोलीस चौकीतलं रजिस्टर असल्यासारखी बघायची. पहिल्या वर्षात खरी गोष्ट बरोबर उलटी असते. जास्त खाणं शक्यच नसतं. आधी घोट घोट पाणी, मग वरणाचं पाणी आणि गाळलेलं ताक, मग कुस्करलेलं, मग मऊ, असं करत दीड-दोन महिन्यांनी नेहमीच्या जेवणाशी येतो, तेही अर्धी वाटी. आणि त्या अर्ध्या वाटीतून दिवसाचं ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं असतं. म्हणजे वही लिहायची ती पुरेसं गेलं का हे बघायला!

चौथ्या महिन्यात माझे केस मूठमूठ येत होते आणि जिना चढून आलं की बसावंसं वाटायचं. घरच्यांचं निदान तयार होतं, "ऑपरेशन बाधलं." आहारतज्ज्ञ बाईंनी वहीची चार पानं उलटली आणि बेरीज करून दाखवली. अंडं ६, कपभर दूध ५, अर्धी वाटी पातळ वरण जेमतेम ३, थोडं दही ३, ५० ग्रॅम पनीर ९, मुगाचं धिरडं ५. झाले ३१. जागाच नव्हती पोटात, दोष कोणाचाच नव्हता. पातळ वरणाच्या जागी घट्ट उसळ आली, ताटात आधी प्रोटीन आणि भात-पोळी जागा उरली तर, आणि दुधात प्रोटीनच्या पावडरीचा एक मोठा चमचा. आता केसांचं म्हणाल तर झपाट्याने वजन उतरलं की तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात ते पुष्कळांचे गळतात आणि बहुतेकांचे परत येतात. प्रोटीन किंवा लोह कमी पडलं की त्यात भर पडते. माझं भर घालण्याचं काम चालू होतं हे वहीशिवाय कळलं नसतं.

आता मापांबद्दल. "थोडंसं", "चवीपुरतं", "दोन घास" ही आपली मराठी मापं जेवायला वाढताना गोड वाटतात, वहीत काही कामाची नाहीत. वाटीसुद्धा कोणाच्या घरची? आमच्याकडेच तीन आकाराच्या निघाल्या. फोनमधल्या अ‍ॅपमध्ये 'एक वाटी' लिहिलेलं असतं, ती कोणत्या स्वयंपाकघरातली ते अ‍ॅपलाच ठाऊक. मी एक स्टीलची वाटी निवडली, पाणी भरून मोजली, १२० मिली निघाली. तिच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका लावलाय. तेवढं पुरे. दर शेंगदाण्याचं वजन करणारे लोकही मला दवाखान्याच्या बाकावर भेटलेत, त्यांना माझा दुरून नमस्कार.

आणि लिहायचं ते जेवून उठल्या उठल्या. रात्री आठवून नाही. १९९२ साली अमेरिकेत एक छोटा पण गाजलेला अभ्यास झाला होता. काही केल्या वजन उतरत नाही म्हणणाऱ्या दहा जणांनी आपलं खाणं लिहून दिलं, आणि मोजून पाहिलं तर त्यांनी प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी लिहिलं होतं. ते खोटारडे होते असं मला वाटत नाही. येता-जाता तोंडात टाकलेलं डोक्यात राहतच नाही, आणि त्यातलं काही डोक्याला ठेवायचंही नसतं. ऑपरेशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, जेव्हा भूक हळूहळू परत येते, तेव्हा ताटातल्या जेवणापेक्षा चिवडा-शेव-खारीच घात करते. ती मऊ होऊन त्या नळकांड्यातून सुळकन उतरते, पोट भरल्याची जाणीवही होत नाही.

माझ्या वहीत कॅलरीचा रकाना नाही. वेळ, पदार्थ, प्रोटीन, पाणी, गोळ्या, आणि शेवटचा रकाना 'काय झालं'. कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकत्र घ्यायची नसते, मधे दोन तास हवेत, आणि लोहाच्या गोळीजवळ चहा नको. हे पाच वेळा चहा होणाऱ्या घरात लिहिल्याशिवाय जमवून दाखवा! 'काय झालं' हा रकाना तर सोन्याचा. मला दुपारी पोळी चालायची आणि रात्री छातीत अडकायची. सगळे म्हणाले, पोळी बंद कर. वहीत मागे जाऊन बघितलं तर रात्रीची पोळी दर वेळी सकाळची होती, वातड झालेली. ताजी करून खाल्ली, उतरली.

आता जरा नाजूक विषय. (आई, तू हे वाचणार आहेस हे धरूनच लिहितेय.)

वही स्वयंपाकघरात फ्रिजवर असायची. आईने एकदा ती उघडली. त्यात लिहिलेलं, वरण ३, दही ३, पनीर ९. आईला वाटलं मी मार्क देतेय! दहापैकी. चाळीस वर्षं जे वरण ती घालत आली त्याला तीन, आणि दुकानातल्या पनीरला नऊ. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी भांडी लावता लावता म्हणाली, "एवढं वाईट होत असेल तर तेव्हाच सांगायचंस." मी ग्रॅमचं समजावलं, दोघी हसलो. पण हसून झाल्यावरही ती गप्पच होती, आणि ते मला कळत होतं. जिने आयुष्यभर "अजून घाल गं थोडं" म्हणून माया केली, तिच्यासमोर मी आकडे मांडत होते. आग्रहाला जागा राहिली नव्हती आणि त्या जागी दुसरं काय ठेवायचं ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. दवाखान्यात पथ्याचा कागद मिळतो तो पेशंटला. आईला काही मिळत नाही.

मग तिने वहीच हातात घेतली. "आज पंचेचाळीसच झालेत हं तुझे." हे प्रेमाने होतं, मान्य. पण आठवडाभरात मला परत सातवीत गेल्यासारखं वाटायला लागलं, आणि लपवावंसं वाटायला लागलं. वही मरते ती इथेच, असं माझं मत आहे. दुसऱ्याने वाचायला सुरुवात केली की माणूस वाचणाऱ्यासाठी लिहितो. बाकावरच्या ओळखीतल्या एक बाई तर फक्त 'चांगलं' तेवढंच लिहायच्या, कारण रोज संध्याकाळी नवरा तपासायचा. त्यांच्या वहीत सगळं छान आणि तळपायाला मुंग्या. बी-१२ तळाला गेलं होतं, गोळ्या सुटल्याचं कुठे लिहिलेलंच नव्हतं. तेव्हा वही बघायची ती स्वतः आणि उपचार करणाऱ्यांनी. घरच्यांनी विचारायचंच असेल तर "पाणी प्यायलीस का?" एवढं विचारा, आणि तेही जेवताना नको, जेवणानंतर अर्ध्या तासाने. :-)

वही जन्मभर रोज लिहायची असं काही तज्ज्ञ म्हणतात. मला नाही पटत. गोळ्या जन्मभर, वर्षाची रक्ततपासणी जन्मभर, तिथे वाद नाही. पण रोज प्रत्येक घास कागदावर उतरवत जगणं हा आजार होऊ शकतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं अन्नाशी नातं आधीच दुखावलेलं असतं. लिहिताना छातीत धडधडायला लागलं तर वही मिटावी आणि समुपदेशकाशी बोलावं. मी पहिलं वर्ष रोज लिहिलं, आता तीन महिन्यांतून एक आठवडा लिहिते, आणि त्यात एखादं लग्नकार्य किंवा संकष्टी मुद्दाम येऊ देते. (साबुदाण्याच्या खिचडीत जे काही प्रोटीन असतं ते दाण्याच्या कुटाचं, साबुदाण्याचं जवळजवळ शून्य. उपास करणाऱ्या बायपास-स्लीव्हवाल्यांनी ताक नाहीतर दूध विसरू नका.)

असो. मावसबहिणीने विचारलंय की तिचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, कुठली वही घेऊ? अगं, कुठलीही घे, साधी शंभर पानी. फक्त पर्समध्ये मावेल अशी घे आणि फ्रिजवर ठेवू नकोस. आणि तुझ्या आईला आत्ताच, ऑपरेशनच्या आधी, घट्ट मुगाची उसळ करायला सांगून ठेव. तिलाही हाताला काहीतरी काम हवं असेल.