परीक्षा इंग्रजीची की अंतराची?

पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठांतून गेल्या काही वर्षांत अभ्यासिकांचे एक स्वतंत्र जग उभे राहिले आहे. महिन्याच्या भाड्याने एक खुर्ची आणि टेबलाचा एक कोपरा मिळतो, आणि खेड्यापाड्यांतून आलेली मुले-मुली तेथे सकाळपासून रात्रीपर्यंत मान खाली घालून बसलेली असतात. त्यांत भोर आणि वेल्हे या पुणे जिल्ह्यातल्याच दोन तालुक्यांतील तरुणही असतात. कोणी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसणार असतो, कोणाला बँकेत जायचे असते, तर कोणी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या अनिवार्य इंग्रजीतच अडकून पडलेला असतो. परीक्षा निरनिराळ्या असल्या तरी धसका एकाच विषयाचा असतो. इतिहास, भूगोल, राज्यघटना यांचा अभ्यास मराठीतून रेटून नेता येतो. इंग्रजीपाशी आले की गाडी अडते. मग ‘खेड्यातल्या मुलांचे इंग्रजी कच्चे’ असा शेरा मारून शहाणी माणसे मोकळी होतात. आमचे म्हणणे वेगळे आहे. या परीक्षा विद्यार्थ्याला इंग्रजी किती येते हे मोजतात त्याहून अधिक तो कोठून आला हे मोजतात. आणि जे शासन त्या घेते त्याने त्यांची तयारी करून देण्याचे काम मात्र बाजारावर सोडून दिले आहे.

भोर आणि वेल्हे पुण्यापासून दूर आहेत असे नकाशा म्हणत नाही. पन्नास-साठ किलोमीटरचे अंतर ते काय! (वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ साली घेतला, लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे, म्हणून आम्हीही तेच वापरतो.) तोरणा आणि राजगड याच तालुक्यात, १९४८ साली विलीन झालेल्या भोर संस्थानचा वाडा भोर गावात अजून उभा आहे. गडांवर सुट्टीच्या दिवशी पुणेकरांची रीघ लागते. पण या मुलुखाचा आणि शहराचा खरा संबंध पाण्याचा आहे. पानशेत आणि वरसगावचे पाणी खडकवासल्यातून पुण्याच्या नळांना येते. इंग्रजी अमदानीत बांधलेल्या भाटघरच्या पाण्यावर नीरेच्या कालव्यांखालचा ऊस उभा राहिला. पुढे नीरा-देवघर झाले, गुंजवणी झाले. प्रत्येक धरणाखाली कोणाची तरी खाचरे गेली. पाणी खाली गेले आणि त्याच्या मागोमाग माणसेही कामधंद्यासाठी पुण्या-मुंबईला गेली. आता त्यांची नातवंडे त्याच वाटेने इंग्रजीच्या शिकवणीसाठी जात आहेत. पाण्याला शहरात जाण्यासाठी कालवा बांधून दिला गेला. विद्यार्थ्याला मात्र स्वतःचा कालवा स्वतःच खणावा लागतो.

हा विद्यार्थी ‘इंग्रजीचा सराव’ म्हणजे नेमके काय करीत असतो? बहुधा तो पाठ करीत असतो. निबंध पाठ, पत्राचा मायना पाठ, काळांचे बारा साचे पाठ. पहिलीपासून इंग्रजीचे पुस्तक हाती असूनही बारावीनंतर त्याला एक साधे वाक्य स्वतःच्या मनातून रचण्याची भीती वाटते. वस्तुतः त्याच्याजवळ व्याकरणाचे भांडवल थोडे नाही. मराठीत तीन लिंगे आहेत, वचने आहेत, विभक्ती आहेत. ‘मुलाने पत्र लिहिले’ आणि ‘मुलाने चिठ्ठी लिहिली’ या दोन वाक्यांत क्रियापद कर्माच्या मागे जाते, ही गुंतागुंत तो चौथ्या वर्षी खेळता खेळता शिकलेला असतो. इंग्रजीतले क्रियापद कर्माची पर्वा करीत नाही, म्हणजे तेथे ते सोपेच आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. आपण ‘टेबलावर’ म्हणतो, इंग्रजी माणूस तो ‘वर’ टेबलाच्या आधी ठेवतो; आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येऊन बसते, त्याचे मधेच उभे असते; ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे आपल्याकडे नाहीत, म्हणून ती आपल्या हातून सुटतात. आपण जसे बोलतो तसे लिहितो. तेथे उच्चार एक आणि अक्षरे दुसरी. एवढा भेद मराठीतून समजावून दिला तर निम्मे भय तेथेच गळून पडेल. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना याच रीतीने इंग्रजीत उतरवले. ती रीत अपुरी होती हे खरे. तिने बोलणे शिकवले नाही, आणि अशा इंग्रजीची पुढे टिंगलही झाली. पण तिने मराठी ही अडचण मानली नाही. आज इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द उच्चारणे कमीपणाचे समजले जाते, आणि परिणामी त्या तासाला खेड्यातला विद्यार्थी काहीच बोलत नाही.

येथे चीनमधील विद्यार्थ्याकडे पाहणे उपयोगी ठरेल, कारण त्याची अडचण आपल्याहून मोठी आहे. त्याच्या भाषेत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, उपपदे नाहीत, आणि लिपी तर अक्षरांची नसून चिन्हांची आहे. त्या देशात १९८७ पासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीची एक राष्ट्रीय परीक्षा घेतली जाते. तिच्या चौथ्या श्रेणीच्या परीक्षेला वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये, प्रचंड संख्येने विद्यार्थी बसतात. एकूण गुण ७१०. त्यांत ऐकून समजण्याला पस्तीस टक्के, वाचनाला पस्तीस टक्के आणि लेखनाला पंधरा टक्के. उरलेले पंधरा टक्के भाषांतराला, म्हणजे चिनी भाषेतील एक परिच्छेद इंग्रजीत आणण्याला. हा परिच्छेद बहुधा त्यांच्याच इतिहासाविषयी, सणांविषयी, समाजजीवनाविषयी असतो. परीक्षा परक्या भाषेची, पण तिच्यात मातृभाषेला मानाची जागा आहे! आपल्या दहावीच्या इंग्रजीत भाषांतराचा जो लहानसा प्रश्न असतो तो इंग्रजीतून मराठीत आणण्याचा, आणि बारावीत तर मराठीला दारही उघडे नाही.

चीनचे सारे गोड मानून घ्यावे असे आम्ही म्हणत नाही. तेथेही पाठांतराने ‘मुके इंग्रजी’ निपजले आणि त्याविषयी तेथलेच लोक तक्रार करीत आले. अनेक विद्यापीठांनी ही परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज पदवी द्यायची नाही असा दंडक घातला, तेव्हा रसायनशास्त्रात हुशार असलेला मुलगा इंग्रजीपायी पदवीला मुकू लागला. २००५ च्या सुधारणेत उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र गेले आणि केवळ गुणांचे पत्रक राहिले. तरीही दंडक पुष्कळ ठिकाणी टिकला. शीआन येथील नामांकित चिआओतुंग विद्यापीठाने तो २०२३ साली काढून टाकला तेव्हा देशभर चर्चा झाली. शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर त्या सरकारने २०२१ साली बंदी घातली, तेव्हा शिकवण्या गुपचूप आणि अधिक महाग झाल्या. जोवर परीक्षा आहे आणि शाळा पुरेशी नाही तोवर मागणी राहणारच, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. मात्र एक गोष्ट निर्विवाद आहे. चिनी विद्यार्थी आपले अर्थशास्त्र, आपले स्थापत्य, आपले वैद्यक प्रामुख्याने चिनी भाषेत शिकतो. इंग्रजी त्याच्यासाठी एक विषय आहे. त्यात तो कच्चा राहिला तरी बाकीचे ज्ञान त्याच्यापासून हिरावले जात नाही. वेल्ह्याची जी मुलगी दहावीपर्यंत मराठीतून शिकून अकरावीला विज्ञान शाखा घेते, तिला भौतिकशास्त्र आणि इंग्रजी ही दोन ओझी एकाच दिवशी एकाच डोक्यावर घ्यावी लागतात. ती पुढे नापास झाली तर कशात झाली हे गुणपत्रिकेवरून कळत नाही.

हे असे का झाले याचे उत्तर आपल्याच धोरणांच्या इतिहासात आहे, आणि ते पुरोगाम्यांनाही अवघड वाटावे असे आहे. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात इंग्रजी पाचवी ते सातवीतून काढून आठवीपासून ठेवण्यात आले. हेतू स्वभाषेच्या प्रतिष्ठेचा होता. पण इंग्रजी माध्यमाच्या शाळा शहरात चालूच राहिल्या. इतर भाषिकांच्या मुलांना त्या शाळांत प्रवेश देऊ नये असा आदेश राज्याने जानेवारी १९५४ मध्ये काढला, आणि तो त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. परिणाम असा की ज्याच्याजवळ पैसा होता त्याला इंग्रजी बालवर्गापासून मिळाले आणि ज्याच्याजवळ नव्हता त्याला आठवीपर्यंत थांबावे लागले. नोकरीच्या दारात मात्र दोघांना एकच प्रश्नपत्रिका. लोहियांनी ‘अंग्रेजी हटाओ’ म्हटले ते या विषमतेच्या मुळावर घाव घालण्यासाठी. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला तोही विषमतेवरच घाव होता. या दोहोंत विरोध आहे असे मानणारे दोघांनाही नीट वाचत नाहीत. सत्ता ज्या भाषेतून चालते ती भाषा सर्वांना मिळावी, किंवा सत्ता त्या भाषेतून चालू नये. आपण दोन्ही केले नाही. सत्ता इंग्रजीतून चालू ठेवली आणि इंग्रजी विकायला काढली.

२००० साली पहिलीपासून इंग्रजी आले, तेव्हा हा अन्याय दूर होईल असे सांगण्यात आले. आता पंचवीस वर्षे लोटली. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी आणण्याचा शासननिर्णय निघाला, महाराष्ट्र पेटून उठला आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. ते योग्यच झाले. पण तिसऱ्या भाषेवरून एवढे रान उठले असताना दुसऱ्या भाषेच्या पंचवीस वर्षांचा हिशेब कोणी मागितला नाही. पहिलीपासून बारा वर्षे एक भाषा शिकवूनही मुलाला ती बाहेर जाऊन पुन्हा विकत घ्यावी लागते, तर बारा वर्षांचा तो खर्च कशावर झाला?

विकत घेण्याचा भाव काय आहे? परदेशी विद्यापीठे मागतात त्या आयईएलटीएस परीक्षेची नुसती फी २०२४ च्या सुमारास सतरा हजार रुपयांच्या घरात होती, आणि तिचा निकाल दोनच वर्षे ग्राह्य धरला जातो. त्याच काळात, २०२४-२५ साली, महाराष्ट्रात रोजगार हमीवरच्या मजुरीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. म्हणजे वेल्ह्यातल्या मजुराने सत्तावन्न दिवस माती उचलावी तेव्हा त्याच्या मुलीला एकदा परीक्षेला बसता येईल. शिकवणी, खोलीचे भाडे आणि एसटीचा पास वेगळेच. हे प्रमाणपत्र कोथरूडच्या डॉक्टरांच्या मुलालाही त्याच किमतीला मिळते, म्हणून बाजाराच्या दृष्टीने यात अन्याय नाही. किंमत समान असणे म्हणजे भार समान असणे असा समज करून घेणाऱ्या अर्थशास्त्राविषयी आम्हाला फारसा आदर नाही.

परीक्षा असू नये असे आमचे म्हणणे नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीची तीनशे गुणांची पत्रिका आहे. ती केवळ पात्रतेपुरती असून तिचे गुण क्रमवारीत धरले जात नाहीत. ही रीत शहाणपणाची आहे. २०१३ साली इंग्रजीचे गुण क्रमवारीत आणण्याचा प्रयत्न झाला तो देशभरातील विरोधामुळे मागे घ्यावा लागला, आणि २०१४ साली पूर्वपरीक्षेतील इंग्रजी उताऱ्यांचे गुण न धरण्याचा निर्णय झाला. ज्या कामाला जेवढे इंग्रजी लागते तेवढेच तपासावे हे तत्त्व तेथे मान्य झाले असेल, तर भोरच्या कार्यालयात मराठीतून कारभार करणाऱ्या कारकुनाला किंवा शिरवळच्या कारखान्यात यंत्रावर उभ्या राहणाऱ्या पदविकाधारकाला ते का लागू नये?

आणि जेथे इंग्रजी खरोखर लागते तेथे ते शिकवण्याची सोय गावाजवळ हवी. २०२३ साली शिक्षण आयुक्तांनी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचा विचार पुढे आणला, तेव्हा नमुना म्हणून तोरणमाळबरोबर पानशेतचेच नाव घेतले गेले होते. वाड्यावस्त्यांच्या शाळा मोडण्याला आमचा विरोध आहे. घाटमाथ्याच्या पावसात सहा वर्षांच्या मुलाला बसमध्ये घालून दूर नेणे ही सुधारणा नव्हे. परंतु नमुनाच दाखवायचा असेल तर तो वेगळ्या कामाचा दाखवावा. भोरला आणि वेल्ह्याला बारावीनंतरच्या मुलांसाठी संध्याकाळचे विनामूल्य इंग्रजी वर्ग सुरू करावेत. त्यांत इंग्रजी आणि मराठी दोन्ही व्याकरणे जाणणारा कायम पगाराचा शिक्षक असावा, तासिका तत्त्वावर राबणारा नव्हे. ऐकण्याची साधने असावीत. लांबच्या गावांतील मुलींसाठी वसतिगृह असावे. बारावीच्या इंग्रजीत मराठी उताऱ्याचे भाषांतर आणावे.

पैसा कोठून आणायचा असे विचारले जाईल. पुणे महानगरपालिका धरणांच्या पाण्यासाठी जलसंपदा विभागाला पैसे मोजते, आणि त्या थकबाकीवरून दोघांचे वर्षानुवर्षे भांडणही चालते. त्या रकमेतील एक लहानसा ठरावीक हिस्सा ज्या तालुक्यांतून पाणी येते त्यांच्या शिक्षणासाठी राखून ठेवण्याचा ठराव जिल्हा नियोजन समितीपुढे यावा. वेल्ह्याच्या आणि भोरच्या ग्रामसभांनी ही मागणी लेखी करावी, आणि ती खुशाल मराठीतच करावी.