सात तासांचा दिवस

गणपतीचं विसर्जन झालं की आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो : डिसेंबरच्या सुट्टीत कुठे? लंडन-पॅरिस, स्वित्झर्लंड, जॉर्जिया अशी उत्तरं येतात, आणि तितक्याच हमखास कुणीतरी लिहितं, "अहो, तिकडे तेव्हा नुसती थंडी आणि पाऊस. इथे आत्ता कुठे हवा सुधारतेय आणि तुम्ही निघालात? जायचंच तर जुलैत जा." या सल्ल्यामागे काळजी असते, हे मान्य. पण तो सल्ला मला पटत नाही. थंड, पावसाळी देशात डिसेंबरमध्ये जरूर जावं, मुलांना घेऊन जावं, जमलं तर आजी-आजोबांनाही न्यावं. फक्त उन्हाळ्याची सहल हिवाळ्यात करू नये.

आमची पहिली सहल तशीच झाली होती. नऊ दिवस, चार शहरं, एक बस. सकाळी सातला बस सुटायची तेव्हा बाहेर मिट्ट काळोख. डोंगरमाथ्यावर नेलं, तिथे ढगात उभं राहून आम्ही एकमेकांचे फोटो काढले. संध्याकाळी पाचला बोटीची फेरी होती. काळं पाणी आणि वर काळं आभाळ. लेकीचे कॅनव्हासचे बूट दुसऱ्या दिवशी भिजले ते शेवटपर्यंत वाळले नाहीत. चौथ्या दिवशी तिला ताप भरला आणि ते शहर मी हॉटेलच्या खिडकीतून पाहिलं. परत आल्यावर आम्हीही सगळ्यांना तेच सांगत होतो, पावसाने विचका केला. पावसाचा काही दोष नव्हता. लंडनला वर्षभरात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. तो दिवस काढलेल्या मुंबईकराने लंडनच्या पावसाला भ्यावं, असं त्यात काही नाही. चूक कार्यक्रमात होती. तो जूनसाठी आखलेला होता, सोळा तास उजेड असतो तेव्हासाठी. तारखा बदलून तोच आमच्या हातात ठेवला होता.

शारजात २१ डिसेंबरलाही साडेदहा तास उजेड असतो. त्या दिवशी लंडनला आठ तासही भरत नाहीत, ग्लासगोला जेमतेम सात. साडेआठनंतर उजाडतं आणि पावणेचारला सूर्य मावळतो. एवढ्या दिवसात एकच गोष्ट नीट होते. अकराला बाहेर पडावं, तीनला परतीला लागावं. दुसरी गोष्ट त्यात कोंबली की पहिलीही हातची जाते.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती आपली एक सवय. इथे राहून आपण हवा टाळायला शिकलो आहोत. वर्षातले पाच महिने तरी घरातून बेसमेंट, बेसमेंटमधून गाडी, गाडीतून मॉल. 'बाहेर' ही जागा भराभर ओलांडायची असते, एवढंच मुलांना ठाऊक. पाऊस वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर, आणि तोही कधी १६ एप्रिल २०२४ सारखा. इथल्या नोंदी १९४९ पासूनच्या आहेत, त्यातला तो सर्वांत मोठा. अल ऐनजवळ खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर. आमच्या नहदात पाणी कित्येक दिवस हटलं नाही. बाल्कनीतून दोरीला बादली बांधून आम्ही दूध वर घेतलं. वादीला पाणी आलं की बघायला जावं, तर २०२३ पासून पावसात वादी, धरण किंवा पूर आलेल्या भागापाशी जमलं तर एक हजार दिरहम दंड आणि सहा ब्लॅक पॉइंट. नियम योग्यच आहे, लोंढा सांगून येत नाही. पण त्यामुळे झालंय असं की ढग दाटले की माझी लेक पहिला प्रश्न विचारते, "आई, उद्या शाळा ऑनलाइन का?" नऊ वर्षांच्या मुलीच्या लेखी पाऊस म्हणजे मोबाइलवर येणारा इशारा. हे मला फार लागतं.

कुणी म्हणेल, जुलैत भारतात पाऊस पाहतात की मुलं. पाहतात, आणि म्हणूनच जुलै मी युरोपला देणार नाही. जुलै-ऑगस्टची सुट्टी आजोळची आहे. ती पर्यटनात घातली तर आजी-आजोबांच्या वाट्याला काय उरतं?

गेल्या डिसेंबरात आम्ही ग्लासगोला गेलो. एकच शहर, आठ दिवस, स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर. दुबईहून थेट विमान जातं. सासूबाई बरोबर होत्या. त्या सावंतवाडीच्या, माहेर आंबोलीकडचं. ग्लासगोत वर्षाला अकराशे-बाराशे मिलिमीटर पाऊस, आंबोलीत सात हजारांच्या वर. तरी आम्हाला घोर त्यांचाच होता, थंडी सोसेल का, गुडघे धरतील का. पहिल्या सकाळी त्या खिडकीचा पडदा सारून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यो खंयचो पाऊस? नुसती भुरभुर ही."

लेकीने विचारलं, "मग पाऊस म्हणजे काय, आजी?" तिथून जो वर्ग सुरू झाला तो आठ दिवस चालला. भुरभुर वेगळी, पिरपिर वेगळी. सर येते आणि जाते. झड बसली की उठत नाही. पागोळ्या पावसाच्या नसतात, छपराच्या असतात. कोपऱ्यावरच्या कॅफेतल्या बाईंनी तिला त्यांच्याकडचे दोन शब्द दिले : अगदी बारीक, धुक्यासारख्या पावसाला 'स्मर' आणि ओल्या, काळवंडलेल्या दिवसाला 'ड्रीख'. वहीत दोन रकाने पडले. 'स्मर'समोर भुरभुर लगेच बसली. 'ड्रीख'पाशी आजी अडल्या. संध्याकाळी भाजी चिरता चिरता त्यांनी हाक मारली, "गो, लिही. कुंद." आम्ही शनिवारच्या मराठी वर्गात दोन वर्षं हे शब्द पुस्तकातून शिकवतो आहोत. तिथे ते काचेवर दिसत होते.

पाहिलं फार थोडं. केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालयात दोन दिवस गेलो. तिकीट नाही, त्यामुळे एकाच दिवसात सगळं उरकायची घाई नाही. किबल पॅलेस हे एकोणिसाव्या शतकातलं काचघर आहे. आत वृक्षनेचे, ऊब, आणि वर सबंध छतावर पावसाचा आवाज. सासूबाई तिथल्या बाकावर तासभर बसून होत्या, उठवत नव्हतं. एक दिवस फोर्ट विल्यमच्या गाडीत बसलो. रॅनक मूरच्या दलदलीतून रूळ जातात तेव्हा मैलोन् मैल ना रस्ता, ना घर. आत गरम डबा, काचेवर तिरपे ओघळ. दोन दिवस आजींचे गुडघे खरंच दुखले, त्या घरीच राहिल्या, आणि एक दिवस आम्हीही कुठे गेलो नाही. भजी, पत्ते, चार वाजता दिवे. त्या दिवशी काही 'बुडालं' असं कुणालाच वाटलं नाही, कारण बुडायला काही आखलेलंच नव्हतं.

कपड्यांच्या बाबतीत आपण हटकून फसतो. मॉलमधलं फुगीर जॅकेट कोरड्या थंडीचं असतं, सतत भिजलं की त्याचा गोळा होतो. सुती थर्मल आणि जीन्स ओले झाले की वाळत नाहीत, अंगातली ऊबही ओढून घेतात. लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही. धनगर घोंगडीची खोळ घेऊन भर पावसात मेंढरांमागे उभा असतो, तो याच जोरावर. तेव्हा आत लोकर आणि वर पातळ रेनकोट, एवढंच सूत्र. रेनकोटचं कापड तर ग्लासगोचंच. चार्ल्स मॅकिंटॉशने दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन १८२३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. छत्री नेऊ नका, वारा ती पहिल्याच वळणावर उलटी करतो. बूट मात्र दोन जोड. रात्री ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, सकाळी बोळे ओले आणि बूट कोरडे. सासूबाईंनी साडीच्या आत लोकरीची लेगिंग घातली, वर माझ्या नवऱ्याचा रेनकोट, आणि त्या फिरल्या.

तारखांचं सांगते, कारण निम्मी सहल तिथेच ठरते. २०२५-२६ च्या शालेय कॅलेंडरमध्ये हिवाळी सुट्टी ८ डिसेंबर ते ४ जानेवारी होती, चार आठवडे. तरीही बहुतेक घरं नाताळ ते नवीन वर्ष हाच आठवडा धरतात. २५ डिसेंबरला स्कॉटलंडात रेल्वे बंद, लंडनला ट्यूब आणि बस दोन्ही बंद. स्कॉटलंडमध्ये १ आणि २ जानेवारी या दोन्ही दिवशी सुट्टी. विमानभाडं चढतं तेही त्याच दिवसांत. आम्ही सुट्टी लागताच निघालो. तिथल्या शाळा चालू होत्या, संग्रहालयं मोकळी, रस्त्यांवर नाताळची रोषणाई लागलेली. नवऱ्याला रजाही सहज मिळाली, कारण ऑफिसात सगळ्यांना शेवटचा आठवडा हवा होता. येत्या वर्षाच्या तारखा शाळेकडून बघून घ्या. ब्रिटनच्या व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, शेंगेनसाठी सहा महिने. शेंगेनला ३०,००० युरोचा विमा लागतो. म्हणजे कागदपत्रं काढायची वेळ हीच. आणि बॅगेत बेसन, मेतकूट खुशाल न्या, तूप नको. दुधाचे पदार्थ इथून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. ग्लासगोत भारतीय-पाकिस्तानी वाणसामानाची दुकानं आहेत, तूप तिथेच मिळतं.

खर्चाचा मुद्दा खरा आहे. एकाच घरात राहिलं की शहरं बदलण्याचा खर्च वाचतो, दोन वेळचं जेवण घरी होतं. मुलांचे कपडे मात्र अंगावर येतात. महागाचा रेनकोट आठ दिवस वापरायचा आणि पुढच्या वर्षी तो आखूड. आपल्यातल्या कितीतरी घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर असे कपडे पडून असतील. कार्यकारिणीला माझी विनंती आहे : मंडळाच्या खोलीत एक कपाट ठेवू या. वहीत नाव लिहून न्यावं, धुऊन परत आणावं. माझ्याकडे आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा एक रेनकोट, दोन लोकरीचे स्वेटर आणि पाणी आत न शिरणाऱ्या बुटांचा एक जोड आहे. दिवाळीच्या कार्यक्रमाला घेऊन येते.