मु. पो. वाळवंट

आमच्या होस्टेलवर ट्रिपचं प्लॅनिंग एकाच पद्धतीने होतं. कुठे जायचं यावर तीन रात्री भांडण, गाडी कोणाची यावर एक रात्र, आणि राहायचं कुठे हा प्रश्न कोणी चुकून काढलाच तर सगळ्यांचं एकमुखी उत्तर, "बघू गं, तिथे गेल्यावर!" कोकणात हे चालून जातं. कोणाची तरी आत्या असते, नाहीतर एसटी स्टँड कुठे गेलाय? पण जगात असेही प्रदेश आहेत जिथे हे "बघू" फार महागात पडतं.

मी बोलतेय ते अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटाबद्दल. ॲरिझोना, नेवाडा, युटा आणि कॅलिफोर्नियाचा पूर्व भाग. माझा मामा फिनिक्सला राहतो. गेल्या हिवाळ्यात त्याच्या आरव्हीतून आम्ही दहा दिवस या भागात फिरलो. आरव्ही म्हणजे चाकांवरचं वन रूम किचन. आत गॅस, फ्रीज, बेड, चक्क संडाससुद्धा! परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, "ग्रँड कॅनियन कसं होतं?" रात्री झोपायचात कुठे, हे एकानेही विचारलं नाही. खरं तर तिथे रोज सकाळी आमचा पहिला विषय तोच असायचा. म्हणून हा लेख.

माझं मत सरळ आहे. वाळवंटात मुक्कामाची जागा शोधणं हे मोबाइलवरच्या लाल टाचणीचं काम नाही. त्यातलं अर्धं काम इंजिनिअरिंगचं आहे आणि अर्धं आपण दहावीत ऑप्शनला टाकलेल्या नागरिकशास्त्राचं!

आधी जागांचे प्रकार सांगते. पहिला, पैसे भरून राहायचे खाजगी कॅम्पग्राउंड. तिथे गाडीला वीज, पाणी आणि ड्रेनेज, तिन्हींची जोडणी मिळते. याला 'फुल हुकअप' म्हणतात. दुसरा, नॅशनल पार्क आणि स्टेट पार्कमधले कॅम्पग्राउंड. ते स्वस्त आणि सुंदर असतात, पण बऱ्याच ठिकाणी विजेची जोडणी नसते आणि हिवाळ्यात बुकिंग आधीच संपलेलं असतं. तिसरा, सरकारी मोकळी जमीन. ना नंबर, ना नळ. चौथा प्रकार म्हणजे नुसतं झोपण्यापुरतं थांबणं. त्यात हायवेचे रेस्ट एरिया, ट्रक स्टॉप, वॉलमार्टचं पार्किंग वगैरे आलं. इथेही प्रत्येकाचा नियम वेगळा. कॅलिफोर्नियाच्या रेस्ट एरियात चोवीस तासांत आठ तासच थांबता येतं. वॉलमार्टमध्ये त्या-त्या दुकानाच्या मॅनेजरची परवानगी लागते आणि अनेक ठिकाणी ती मिळतच नाही. मामा प्रत्येक वेळी आत जाऊन विचारून यायचा. मी म्हटलं, "मामा, कोण बघतंय?" तर म्हणाला, "अगं, रात्री दोन वाजता दारावर टकटक झाल्यावर कळेल कोण बघतंय ते!"

आता इंजिनिअरिंगकडे वळू. इलेक्ट्रिकलवाल्यांनी इकडे लक्ष द्यावं, मेकॅनिकलवाली सांगतेय म्हणून हसू नये. हुकअप दोन प्रकारचे असतात, ३० अँपिअर आणि ५० अँपिअर. तिकडे व्होल्टेज १२०, म्हणजे पहिल्यातून ३,६०० वॅट मिळतात. ५० अँपिअरवाल्यात दोन लाइन येतात, म्हणून त्यातून १२,००० वॅट मिळतात. हुकअप नसेल तर सगळा भार बॅटरीवर. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे १,२०० वॅट-तास. ती लेड ॲसिडची असेल तर निम्मीच वापरायची, नाहीतर लवकर मरते. हातात उरले ६०० वॅट-तास. छतावरचा एसी साधारण १,५०० वॅट खातो. करा भागाकार. चोवीस मिनिटं! म्हणजे कडक उन्हाळ्यात सखल वाळवंटात "कुठेतरी मोकळ्यावर लावू गाडी" हा पर्यायच उरत नाही. एक तर हुकअप शोधा, नाहीतर उंचीवर जा.

ही उंचीची गोष्ट मला सगळ्यात आवडली. डेथ व्हॅलीतलं फर्नेस क्रीक समुद्रसपाटीच्याही सुमारे ५८ मीटर खाली आहे. १० जुलै १९१३ रोजी तिथे ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं आणि जगातल्या सर्वोच्च तापमानाचा विक्रम त्याच्याच नावावर आहे. त्याच पार्कात वाइल्डरोझ नावाचं कॅम्पग्राउंड सुमारे १,२५० मीटरवर आहे. नुसत्या चढण्याने हवा साधारण दहा अंशांनी उतरते. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात ज्याला आपण शिव्या घालतो ते प्रकरण असं रात्रीची झोप देऊन जातं. पण त्या रस्त्यावर २५ फुटांपेक्षा लांब गाडीला मनाई आहे. म्हणजे टाचणी दिसली म्हणून निघालं असं होत नाही, आधी स्वतःच्या गाडीची लांबी माहीत हवी. भाड्याने आरव्ही देणाऱ्या काही कंपन्या तर उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत गाडी न्यायलाच परवानगी देत नाहीत.

दुसरं गणित पाण्याचं. होस्टेलवर सकाळी सात वाजता टाकी संपल्यावर जी बोंबाबोंब होते ती आठवा. आरव्हीत समजा १५० लिटरची टाकी आहे आणि माणसं चार. प्यायला माणशी दिवसाला किमान चार लिटर धरायचे, म्हणजे १६. प्रत्येकाने बादलीभर आंघोळ केली तर ८० गेले. स्वयंपाक आणि भांडी धरून दुसऱ्या दिवशी दुपारी टाकी खडखडाट! शिवाय वापरलेलं पाणी कुठेही सोडायचं नाही. सांडपाण्याची टाकी वेगळी, संडासाची वेगळी, आणि दोन्ही डम्प स्टेशनवरच रिकाम्या करायच्या. मामी भांडी आधी कागदाने पुसायची आणि मग स्प्रेच्या बाटलीने धुवायची. त्यामुळे आमचा मुक्काम ठरायचा तो पाणी कुठे भरायचं आणि टाक्या कुठे रिकाम्या करायच्या यावर. सूर्यास्त कुठून छान दिसेल याचा नंबर त्यानंतर.

डिझेल-पेट्रोलचंही तसंच. युटामध्ये आय-७० या हायवेवर ग्रीन रिव्हर ते सलायना हे सुमारे १७० किलोमीटर अंतर आहे. मध्ये एकही पंप नाही, चहाची टपरी तर सोडाच.

आणि जागा निवडताना जमीन वाचता आली पाहिजे. वाळवंटातले कोरडे ओढे असतात, त्यांना तिकडे 'वॉश' म्हणतात. सपाट, मऊ वाळू, वाऱ्यापासून आडोसा. नवख्या माणसाला वाटतं देवाने खास आपल्यासाठीच जागा केलीये. पण पाऊस लांब कुठेतरी डोंगरात पडतो आणि लोंढा इथे येतो. २० ऑगस्ट २०२३ ला हिलरी वादळाच्या पावसाने डेथ व्हॅलीत एका दिवसात वर्षभराइतकं, म्हणजे साधारण ५६ मिलिमीटर पाणी पाडलं. रस्ते असे वाहून गेले की पार्क जवळजवळ दोन महिने बंद ठेवावं लागलं. ५६ मिलिमीटर म्हणजे आपल्याकडे जुलैतला एखादा मंगळवार! पण तिथली जमीन ते पाणी पिऊ शकत नाही.

"पण जीपीएस आहे ना!" असं म्हणणाऱ्यांसाठी एक खरी गोष्ट. ऑगस्ट २००९ मध्ये एक आई आपल्या लहान मुलाला घेऊन एका रात्रीच्या कॅम्पिंगसाठी डेथ व्हॅलीत निघाली. जीपीएसने दाखवलेल्या रस्त्याने जाताना गाडी आडबाजूला रुतली. मदत पोचायला काही दिवस लागले. आई वाचली, मुलगा नाही वाचला. तिथले रेंजर अशा घटनांना 'डेथ बाय जीपीएस' म्हणतात. यंत्राला रस्ता दिसतो. तो रस्ता ऑगस्टमध्ये, तुमच्या गाडीला, तुमच्याजवळ असलेल्या पाण्यात झेपेल का, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. त्यामुळे कागदी नकाशा जवळ ठेवणं, रेंजर स्टेशनवर रस्त्याची चौकशी करणं आणि आपण कुठे मुक्काम करणार हे कोणालातरी सांगून निघणं, या गोष्टी जुनाट नाहीत. दुपारच्या जेवणापर्यंत रात्रीची जागा नक्की हवी, जोडीला दोन पर्याय हवेत आणि उजेड असतानाच पोचायला हवं. अंधारात मऊ वाळू आणि घट्ट जमीन यातला फरक कळत नाही.

आता नागरिकशास्त्र. माझ्या मते खरा धडा इथे आहे.

अमेरिकेत ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट म्हणून सरकारी खातं आहे. त्याच्या ताब्यात सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त! त्यातल्या बऱ्याच मोकळ्या जमिनीवर कोणीही येऊन फुकट मुक्काम करू शकतं. साधारण नियम असा, की २८ दिवसांत जास्तीत जास्त १४ दिवस, मग पुढे सरकायचं. हे ऐकून आपल्याकडची पहिली प्रतिक्रिया ठरलेली, "फुकट? मग काय, मजा आहे!" इथेच माझा आक्षेप आहे. फुकट जागा म्हणजे बेवारस जागा नव्हे. तिथे कचराकुंडी नाही याचा अर्थ कचरा टाकायला मोकळीक आहे असा होत नाही, तो गाडीत परत न्यायचा असा होतो. रखवालदार नाही, कारण तुम्ही नियम पाळाल हे गृहीत धरलंय. चार जणांनी घाण केली की ती जागा मुक्कामासाठी बंद होण्याची पाळी येते, आणि मग पाचवा, ज्याचा काही दोष नाही, रात्री नऊ वाजता जागा शोधत फिरतो.

ॲरिझोनातलं क्वार्ट्झसाइट हे गाव बघण्यासारखं आहे. २०२० च्या जनगणनेत तिथली वस्ती अडीच हजारांच्या आत होती. पण हिवाळ्यात आजूबाजूच्या वाळवंटात आरव्हींचं शहरच उभं राहतं. उत्तरेकडच्या थंडीतून पळून आलेली ही मंडळी. त्यांच्यासाठी ब्युरोने १९८३ पासून दीर्घ मुक्कामाच्या जागा ठरवून दिल्यात. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा हंगाम, आणि त्याचा परवाना बरीच वर्षं १८० डॉलरला मिळत होता. ला पोसा या जागेत पाणी, कचरा आणि डम्प स्टेशनची सोय आहे. याच गावात एक पिरॅमिडसारखी कबर आहे, वर उंटाची आकृती. १८५६ मध्ये अमेरिकन लष्कराने वाळवंटातल्या वाहतुकीसाठी उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेल्या उंटवाल्याची ही कबर. अमेरिकन लोक त्याला 'हाय जॉली' म्हणायचे. मूळ नाव हाजी अली! (आपल्याला लगेच ज्यूस सेंटर आठवतं, तो भाग वेगळा.)

पण इथे सगळेच हौशी नसतात. 'नोमॅडलँड' हा सिनेमा ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत असेल. २०२१ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. घरभाडं परवडत नाही म्हणून व्हॅनमध्ये राहणारी म्हातारी माणसं त्यात आहेत, आणि ती क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटातही दिसतात. पर्यटकाला १४ दिवसांचा नियम म्हणजे सोय. ज्याच्या व्हॅनचं इंजिन बंद पडलंय आणि दुरुस्तीला पैसे नाहीत, त्याला तोच नियम म्हणजे हाकलणं. मग नियमच नको का? मला तसं वाटत नाही. नियम नसेल तर जागाच उरणार नाही. पण थोड्या पैशात हंगामभर राहू देणारी, नळ आणि डम्प स्टेशन असलेली जागा सरकारने राखणं, हे मला त्या २४.५ कोटी एकरांपेक्षा मोठं वाटतं. घराला मात्र तो पर्याय नाही. म्हातारपणी माणसाला वाळवंटात गाडी लावून राहावं लागतं यात ॲडव्हेंचर कसलं?

हे सगळं इथे सांगायचं कारण आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केलं. छान झालं. पण आपल्याकडे चर्चा होते ती गाडीची. आत टीव्ही केवढा, सोफा कसला. माझं म्हणणं, आधी गाडी लावायची जागा बोला. तिथे पिण्याचं पाणी कुठून येणार? मैल्याची टाकी कुठे रिकामी होणार? किती दिवस राहता येणार, आणि कचरा कोण उचलणार? हे ठरलं नाही तर टाकी कुठे रिकामी होईल हे सांगायला ज्योतिषी नको, जवळचा ओढा आहेच. आणि त्या ओढ्याचं पाणी भरणारं गाव खाली असतंच. डम्प स्टेशनचं डिझाइन हा सिव्हिलवाल्यांना फायनल इयर प्रोजेक्टला झकास विषय आहे, सोलरचं गणित इलेक्ट्रिकलवाल्यांना. दर वर्षी तेच ते लाइन फॉलोअर रोबो करण्यापेक्षा बरं, नाही का?

आणि ज्यांना प्रोजेक्ट करायचा नाही त्यांनी निदान एवढं करावं. पुढच्या ट्रिपला जिथे रात्र काढाल, तिथून सकाळी निघताना एकदा मागे वळून बघा. आपल्यानंतर येणाऱ्याला तिथे पाठ टेकावीशी वाटेल का? उत्तर 'हो' असेल तरच गाडीला किक मारा!